आधी प्रेम, मग उपवास: उपवासकाळाविषयी वाचकांचे प्रश्न

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत काय खावे, काय टाळावे याची विचारणा वाढते. या वेळी त्या जोडीने आणखी एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला आहे: सगळे नियम पाळूनही देवाचे प्रेम जाणवत का नाही? म्हणून त्याच पत्राला आधी घेतले आहे.

उपवासकाळात मी मांस-मासे सोडते, रोज मिस्सेला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) जाते, शुक्रवारची क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाची भक्ती) चुकवत नाही. तरी मनात एकच भावना असते की मी कमी पडते आहे आणि देव माझ्यावर नाराज आहे. त्याच्या प्रेमाविषयी प्रवचनात ऐकते, पण ते माझ्यापर्यंत पोहोचत नाही. कुठे चुकते आहे? (वसई)

तुमच्या साधनेत काही उणे नाही. अडचण क्रमाची आहे. आधी मी शुद्ध होईन आणि मग देव मला जवळ करील, असा क्रम तुमच्या मनाने धरला आहे. शुभवर्तमानात तो नेमका उलट आहे. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, असे संत पौल रोमच्या मंडळीला लिहितो (५:८). राखेच्या बुधवारचे पहिले वाचन संदेष्टा योएलच्या दुसऱ्या अध्यायातले असते. ‘माझ्याकडे परत या’ ही हाक त्यात आहेच, पण परत का यायचे याचे कारणही तिथेच दिले आहे: देव दयाळू आहे, मंदक्रोध आहे. त्याची दया आपल्या परतण्याआधीपासून आहे. उपवास करून ती मिळवायची नसते. ती घ्यायला मन रिकामे व्हावे, यासाठी उपवास असतो.

हे डोक्याला पटते, मनात उतरायला वेळ लागतो. त्यासाठी एक आठवडा फक्त लूक १५:११-३२ हा उधळ्या पुत्राचा, म्हणजे घर सोडून गेलेल्या आणि सगळे उधळून परतलेल्या मुलाचा, दाखला घ्या. रोज थोडाच भाग वाचायचा: पहिल्या दिवशी ओवी ११ ते १६, दुसऱ्या दिवशी १७ ते १९, तिसऱ्या दिवशी केवळ विसावी ओवी, चौथ्या दिवशी २१ ते २४, पाचव्या दिवशी २५ ते २८, सहाव्या दिवशी २९ आणि ३०, सातव्या दिवशी शेवटच्या दोन. रोज पंधरा मिनिटे पुरतात. पहिली दोन मिनिटे नुसते स्वस्थ बसा. मग उतारा दोनदा मोठ्याने, सावकाश वाचा. मनाला जो शब्द अडकेल तिथे सात-आठ मिनिटे थांबा. शेवटची तीन-चार मिनिटे, घरातल्या माणसाशी बोलावे तसे, देवाशी स्वतःच्या शब्दांत बोला.

तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाकडे विशेष लक्ष द्या. मुलगा दूर असतानाच बाप त्याला पाहतो, कळवळतो, धावत जातो. मुलाने वाटेत बोलण्याची तयारी केली होती: मी पाप केले, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला योग्य नाही, मला एका नोकरासारखे ठेवा. बापासमोर तो पहिली दोन वाक्ये बोलतो. तिसरे त्याच्या तोंडून येतच नाही, कारण त्याआधीच बापाने झगा, अंगठी आणि पायतण आणायला सांगितले आहे. नोकर होण्याची त्याची अट बाप कानावरही घेत नाही.

तुमच्या पत्राला सर्वांत जवळचा भाग मात्र पाचव्या आणि सहाव्या दिवसाचा आहे. थोरला मुलगा कधी घर सोडून गेला नाही, त्याने कोणतीही आज्ञा मोडली नाही आणि तरी तो दाराबाहेर उभा आहे. इतकी वर्षे मी तुमची चाकरी करतो, असे तो बापाला ऐकवतो. घरात मुलगा म्हणून राहायचे सोडून तो गड्यासारखा राबत आला. नियमाने उपवासकाळ पाळणाऱ्या अनेकांची जागा हीच असते, आणि याच ठिकाणी सर्वांत जास्त सांत्वन आहे: त्याचीही समजूत घालायला बाप बाहेर येतो. ‘जे माझे ते सर्व तुझेच आहे’ हे एकतिसाव्या ओवीतले बोल त्यालाच उद्देशून आहेत. तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही.

या पंधरा मिनिटांत दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक म्हणजे उतारा वाचून होताच मन ‘आता मी काय सुधारू’ याची यादी करू लागते. यादी मनात आली तर येऊ द्या, पण त्या आठवड्यात तिच्यामागे जाऊ नका. तो आठवडा पाहण्याचा आहे. दुसरी गोष्ट म्हणजे दर मिनिटाला ‘काही जाणवते का’ याची तपासणी. त्यामुळे लक्ष देवावरून उठून पुन्हा स्वतःवर येते आणि कोरडेपणा वाढतो.

तो कोरडेपणा आलाच, तर जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोला यांचे प्रार्थनेविषयीचे नियम उपयोगी पडतात. अशा काळात आधी केलेला निश्चय बदलू नका. प्रार्थना कमी करण्याऐवजी थोडी वाढवा, पंधराची सोळा मिनिटे झाली तरी चालतील. कोरडेपणाची तीन कारणे ते सांगतात: आपला आळस, आपली पारख आणि तिसरे म्हणजे गोडी ही आपली कमाई नसून देवाची देणगी आहे याची शिकवण. तुमच्या बाबतीत आळस दिसत नाही, तेव्हा तिसऱ्या कारणाकडे जास्त पाहा. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. नैराश्य हा आजार आहे, त्यावर उपचार घेण्यात श्रद्धेला कुठे बाध येत नाही.

एक आग्रहाची सूचना. यंदा नव्या त्यागाची भर घालू नका. उलट एक नेम कमी करून ती पंधरा मिनिटे मोकळी करा.

उपवासाचे नेमके नियम काय? माझे वय ५७ आहे आणि मी इन्सुलिन घेतो. न पाळल्यास पाप लागेल का? (विरार)

इन्सुलिन घेणाऱ्यावर उपवासाचे बंधन नाही, त्यामुळे पापाचा प्रश्न येत नाही. इन्सुलिनचे प्रमाण जेवणाच्या हिशोबाने ठरवलेले असते. डोस तोच ठेवून जेवण घटवले की साखर खाली जाते: घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांनीही हेच घडते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक वेळचे जेवणही टाळू नका. आजारी माणसे, गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता यांनाही सूट आहे, आणि ती घेताना मन खट्टू करण्याचे कारण नाही.

बाकीच्यांसाठी कॅथोलिक नियम असा: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोनच दिवस उपवास बंधनकारक आहे, वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून एकोणसाठावा वाढदिवस होईपर्यंत. त्या दिवशी एक वेळ पोटभर जेवायचे. इतर दोन वेळा थोडे खाता येते, पण ते दोन्ही मिळून एका पूर्ण जेवणाइतके होऊ नये. सकाळी चहा आणि अर्धी भाकरी, दुपारी डाळ-भात-भाजीचे जेवण, रात्री वाटीभर पेज, इतके साधे. पाणी आणि औषधाने उपवास मोडत नाही. मांस वर्ज्य करण्याचा नियम वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यापासून पुढे आयुष्यभर आहे, आणि तो या दोन दिवसांना व शुक्रवारांना लागू होतो. शुक्रवारी मांसाऐवजी दुसरे प्रायश्चित्त चालते का, हे बिशपांच्या परिषदेने ठरवायचे असते, म्हणून आपल्या धर्मप्रांताचे परिपत्रक पाहा. मासे, अंडी, दूध यांना मनाई नाही.

आपल्या किनारपट्टीवर नियम मोडत नाही आणि हेतू मात्र हरवतो, तो इथेच. मटण बंद म्हणून शुक्रवारी पापलेट आणि कोळंबी आणली, तर ताट आणि खर्च दोन्ही वाढतात. यशया संदेष्ट्याच्या ५८व्या अध्यायात देवाला हवा असलेला उपवास सांगितला आहे: भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा, बेघराला आसरा. तेव्हा ताट साधे करा आणि फरक बाजूला काढा. राखेच्या बुधवारनंतरचा शुक्रवार धरून गुड फ्रायडेपर्यंत सात शुक्रवार येतात. एरवीच्या जेवणाला समजा ४०० रुपये लागतात आणि डाळ-भाजीला १२०, तर दर शुक्रवारी २८० वाचतील, सात शुक्रवारांचे १,९६० होतील. पैसे त्याच दिवशी पाकिटात टाका, आणि ते कोणाला द्यायचे हे पहिल्याच आठवड्यात ठरवा. शेवटी उरेल ते देऊ म्हटले की काही उरत नाही. शक्य असेल तर ओळखीच्या गरजूला स्वतःच्या हाताने द्या, फोटो न काढता. देण्यासाठी त्याच्या दारात गेलात, चार शब्द बोललात की देवाचे प्रेम प्रवचनापेक्षा लवकर कळते, असे आमचे ठाम मत आहे.

तुमच्यासाठी, जेवणाला हात न लावता: रात्री जेवणानंतर मोबाइल बंद, आणि तो वेळ घरातल्या माणसांना. तुमच्या वयात आणि प्रकृतीत हा पुरेसा उपवास आहे.

माझे सासर हिंदू आहे. गुढीपाडवा बहुधा उपवासकाळातच येतो आणि मी गोड सोडलेले असते. सासूबाई पुरणपोळी वाढतात. नाही म्हटले तर त्या दुखावतात, खाल्ली तर नेम मोडतो. (पुणे)

पुरणपोळी खा, आणि आवडीने खा. गोड सोडणे हा तुमचा स्वतःचा निश्चय आहे, चर्चचा नियम नव्हे. स्वतः घेतलेला नेम प्रेमासाठी एक दिवस पुढे-मागे करता येतो. हवे तर त्याऐवजी दुसऱ्या दिवशी दुसरे काही सोडा. तुम्ही उपवास करता तेव्हा तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना दिसू देऊ नका, असे येशू मत्तयाच्या सहाव्या अध्यायात सांगतो. पंगतीत ताट मागे सारून सगळ्यांना आपला उपवास कळवणे हे त्याच्या उलट झाले. पाडवा जर शुक्रवारी आला, तरी पुरणपोळीत मांस नसते.

पुढच्या वर्षी नेम निवडतानाच हे ध्यानात घ्या. ज्याचा भार घरातल्या दुसऱ्यावर पडत नाही असा नेम निवडा: सासूबाईंचे बोलणे मध्येच न तोडणे, किंवा रोज सकाळी त्यांच्यासाठी चहा ठेवणे. तुम्ही उपवासकाळ का पाळता हे त्या विचारतीलच. त्यांना दोन वाक्यांत सांगा, वाद घालू नका.

आमच्या मंडळीत लेंत (उपवासकाळ) पाळत नाहीत, फक्त उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांची भक्ती होते. हे चाळीस दिवस पवित्र शास्त्रात आहेत का? नसतील तर आम्ही काय करावे? (अहिल्यानगर)

उपवासकाळ पाळा, अशी आज्ञा पवित्र शास्त्रात नाही. चाळीस दिवस मात्र आहेत: सीनाय पर्वतावर मोशे, होरेबच्या वाटेवर एलीया आणि रानात येशू. इसवी सन ३२५च्या निकिया परिषदेच्या पाचव्या नियमात या चाळीस दिवसांच्या काळाचा उल्लेख सापडतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. त्यातले सहा रविवार वगळले की चाळीस उरतात, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नाही.

ज्यांच्यापासून प्रोटेस्टंट मंडळ्या सुरू झाल्या त्या धर्मसुधारकांचा विरोध सक्तीला होता. १५२२ साली झुरिकमध्ये काही जणांनी उपवासकाळात जाणूनबुजून सॉसेज खाल्ले, आणि तिथला धर्मसुधारक झ्विंगली याने त्यांची बाजू घेतली. पण ल्यूथरच्या ९५ प्रबंधांपैकी पहिल्यातच म्हटले आहे की विश्वासणाऱ्याचे सगळे आयुष्य पश्चात्तापाचे असावे. म्हणजे तुमची मंडळी मोकळी आहे: पाळले तर चांगले, न पाळले तर दोष नाही.

पाळायचे असेल तर तुमच्याकडे असलेल्या सात उद्गारांचाच आधार घ्या. राखेच्या बुधवारचा अर्धा आठवडा, मग पाच पूर्ण आठवडे, मग ईस्टरआधीचा पवित्र सप्ताह, असे सात आठवडे होतात. दर आठवड्याला एक उद्गार घ्या, या क्रमाने: लूक २३:३४, लूक २३:४३, योहान १९:२६-२७, मत्तय २७:४६, योहान १९:२८, योहान १९:३०, लूक २३:४६. रोज रात्री घरी तो एकच उद्गार वाचायचा. मग एकाच प्रश्नावर विचार करायचा: हे शब्द येशू कोणासाठी बोलतो आहे? पहिल्या आठवड्यात उत्तर येईल, खिळे ठोकणाऱ्यांसाठी. दुसऱ्यात, शेजारच्या गुन्हेगारासाठी. तिसऱ्यात, आईसाठी आणि मित्रासाठी. चौथ्या आठवड्यात मात्र तो देवालाच ‘तू माझा त्याग का केलास’ असे विचारतो. इथे लोक घाईने पुढे जातात, कारण तो प्रश्न सहन होत नाही. तुम्ही थांबा. ज्याला देवाने टाकले असे वाटते त्याच्याही शेजारी येशू आहे, हे इथे कळते. वाचनानंतर ना. वा. टिळकांचे एखादे भजन म्हणा, ते तुमच्या मंडळीत पाठ असेलच. उत्तम शुक्रवारी तीन तासांच्या भक्तीला बसाल तेव्हा सातही उद्गार ओळखीचे झालेले असतील.

दहा वर्षांत पापनिवेदन (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) केलेले नाही. जावेसे वाटते, पण पद्धत आठवत नाही आणि फादर काय म्हणतील याची भीती वाटते. (ठाणे)

पहिले वाक्य हेच बोला: ‘फादर, दहा वर्षे झाली, मला पद्धत आठवत नाही, मदत करा.’ पुढचे काम त्यांचे आहे. तुम्ही सांगितलेले गुप्त ठेवण्याचे बंधन धर्मगुरूवर इतके कडक आहे की ते मोडले तर चर्चमधली सर्वांत मोठी शिक्षा होते.

पवित्र सप्ताहात जाऊ नका. तेव्हा रांग मोठी असते आणि दोन-तीन मिनिटांत उरकावे लागते. उपवासकाळाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात, शनिवार-रविवार टाळून, संध्याकाळच्या मिस्सेआधी अर्धा तास जा किंवा फादरांना फोन करून वेळ ठरवा. दहा वर्षांचे सांगायचे म्हणजे पंधरा-वीस मिनिटे लागतील.

आदल्या रात्री तयारी करा, आणि सुरुवात पापांपासून करू नका. या दहा वर्षांत काय काय मिळाले ते आधी आठवा: माणसे, काम, बरे झालेले आजार. त्याबद्दल आभार माना. संत इग्नातींच्या आत्मपरीक्षणाची पहिली पायरी हीच आहे, आणि ती गाळली की पुढचे सगळे आरोपपत्रासारखे होऊन बसते. मग देवाशी, माणसांशी आणि स्वतःशी कसे वागलो ते पाहा. गंभीर पापे प्रकार आणि साधारण संख्या सांगून निवेदन करायची असतात. नेमका आकडा आठवत नसेल तर ‘महिन्यातून एकदा, दोनेक वर्षे’ असे म्हणा. सबबी, लांबलचक पार्श्वभूमी आणि दुसऱ्याची पापे सांगू नका. ‘नवऱ्याने असे केले म्हणून’ इथून सुरुवात झाली की निवेदन नवऱ्याचे होते. एखादे पाप सांगायचे खरोखर विसरलात, तर क्षमा त्यालाही मिळते, पुढच्या वेळी ते सांगायचे. फादरांनी दिलेले प्रायश्चित्त त्याच दिवशी, शक्यतो चर्चमध्येच पुरे करा. रेंगाळले की राहून जाते.

पापक्षमेचे शब्द ऐकताना मन पुढच्या प्रार्थनेच्या जुळवाजुळवीत नसू द्या. त्या सूत्राची सुरुवात दयेचा पिता म्हणून देवाचे नाव घेऊन होते. तेवढेच नीट ऐका.

नोव्हेंबरमध्ये पत्नी गेली. उपवासकाळ जवळ आला, पण देवावर रागच येतो. प्रार्थना होत नाही. (नाशिक)

यंदा काहीही सोडू नका. तुमच्याकडून खूप काही गेले आहे. तोंडी प्रार्थना होत नसेल तर स्तोत्रसंहितेतले २२वे आणि ८८वे स्तोत्र वाचा. दोन्हींत देवाला सरळ जाब विचारला आहे, आणि ८८वे तर अंधारातच संपते, त्याला कसलाही दिलाशाचा शेवट जोडलेला नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. तुमचा राग प्रार्थनेच्या बाहेरचा नाही. आपला मित्र लाजर याच्या थडग्यापाशी येशू रडला (योहान ११:३५), थोड्याच वेळात तो त्याला उठवणार होता तरीही.

एकट्याने क्रुसाची वाट करू नका, कोणाला तरी सोबत घ्या. चर्चमध्ये बसणे जड जात असेल तर मागच्या बाकावर बसा आणि वाटेल तेव्हा उठून जा. मित्र किंवा नातेवाईक यांना आठवड्यातला एक ठरावीक वार जेवायला बोलवायला सांगा, त्या दिवसाची वाट पाहता येते.

आठ आणि दहा वर्षांची मुले आहेत. त्यांना उपवासकाळ कसा समजावावा? (वसई)

या वयाला उपवास नाही, मांस वर्ज्य करण्याचेही बंधन नाही. ‘चॉकलेट खाल्लेस तर येशूला दुखेल’ असे त्यांना कधीही सांगू नका. मुले ते शब्दशः धरतात, आणि मोठेपणी या सदरातले पहिले पत्र लिहितात.

कागदावर चाळीस चौकोन आखा, आणि रविवारांसाठी वेगळ्या रंगाचे आणखी सहा. रोज रात्री मुलाने दोन गोष्टी सांगायच्या: आज कोणी माझ्यावर प्रेम केले आणि मी कोणावर केले. दोन्ही सांगून झाल्या की चौकोन रंगवायचा. क्रम हाच ठेवा. एखादा दिवस राहिला तर चौकोन कोरा राहू द्या, दुसऱ्या दिवशी दोन रंगवायला लावू नका. सोबत एक डबा ठेवा. त्यात मुलांनी स्वतःच्या खाऊच्या पैशांतले घालायचे, तुम्ही भर घालायची नाही, नाहीतर ते तुमचे दान होते. डबा पवित्र शनिवारी सकाळी मुलांनीच उघडावा, मोजावा आणि आधी ठरवलेल्या माणसाकडे तुमच्यासोबत नेऊन द्यावा. रक्कम साठ रुपये निघाली तरी वाढवू नका.